नंदा पास झाली

आमच्या लोणीच्या घरात पहाटे सगळ्यांत आधी जागी व्हायची ती आत्याची जीभ. कोंबडा नंतर. चुलीत काटक्या सारता सारता ती आईच्या नावानं सुरू करायची, मग पांचट चहाच्या नावानं, मग माझ्या मोकळ्या केसांच्या नावानं, आणि शेवटी गाडी यायची ती नंदावर. आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडलांची, थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला तशी माहेरी आली आणि आल्या आल्या तिनं घराचा ताबा घेतला. अण्णा शेतात गड्यांवर खेकसायचे, मंचरच्या बाजारात व्यापाऱ्याशी हमरीतुमरीवर यायचे, पण उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की त्यांच्या तोंडातून चकार शब्द निघत नसे. ताटात पडेल ते खायचं आणि ओसरीवर जाऊन पडायचं. आई तर त्या घरात चोवीस तास कामाला आणि तोंडाला मात्र कुलूप. राहता राहिले मी. मी बोलायचे, म्हणून मला आत्या ‘वकिलीण’ म्हणायची. आज माझे गुडघे कुरकुरतात, साखर वाढलीय, पण ती बाई आठवली की अजून माझं डोकं फिरतं, ते काही वयानं कमी झालेलं नाही.

नंदा माझी धाकटी बहीण. मी दहावीच्या तोंडाशी होते तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल. दिसायला इतकी देखणी की नवीन माणूस तिला उचलूनच घ्यायचा, आणि घेतली रे घेतली की पस्तावायचा, कारण ती अंगाला हात लागला की किंचाळून आकाश डोक्यावर घ्यायची. हाक मारली तर बघायची नाही. पण विहिरीवरची मोटार सुरू झाली की घरातून पळत सुटायची आणि पाइपाला कान लावून बसायची. लाइट जाईपर्यंत उठायचं नाव नाही. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून भिंतीवर डोकं आपटायची. आनंद झाला की दोन्ही हात पंज्यापासून फडफडवायची. आपणहून बोलायची नाही, पण टीव्हीवरच्या जाहिरातींतली हिंदी वाक्यं जशीच्या तशी, त्याच आवाजात म्हणायची. साबणाबद्दल तिला सगळं सांगता यायचं, तहान लागली हे सांगता यायचं नाही. खायची फक्त पांढरं. भात, दूध, खोबरं, साखर. बाजरीच्या भाकरीचा तुकडा ताटाला जरी लागला तरी ताट भिरकावून द्यायची.

गावात कुणी तिला मुकी म्हणे, कुणी येडी म्हणे, आणि बरेचजण आवाज बारीक करून ‘बाहेरचं हाय’ म्हणायचे. बाहेरचं काढायला म्हणून आत्यानं काय काय नाही केलं! धागे बांधले, उतारे टाकले, लिंबं कापली. एका बाईनं तर तापलेल्या सळईनं पोरीच्या पोटाला डागण्या दिल्या. अण्णांनी पाय धरले होते, आत्यानं हात. आई बाहेर गोठ्यात जाऊन शेण गोळा करत बसली होती. नंदाला आंघोळ घालताना ते वण अजून माझ्या हाताला लागतात. लागले की मी त्या बाईला, आत्याला आणि अण्णांनासुद्धा मनातल्या मनात शिव्या घालते, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

एवढं मात्र सांगायला हवं की तोवर नंदाला घरात कुणी मारत नसे. पोर आजारी आहे, तिला काहीतरी झालेलं आहे, असं सगळेच धरून चालायचे. ताट फेकलं तर आई निमूट फरशी पुसायची. आत्या तोंडानं आग ओकायची, पण हात उगारायची नाही. ‘तिला काय कळतंय,’ असं म्हणून सोडून द्यायची. ‘तिला काय कळतंय’ हे वाक्य किती मोलाचं होतं ते आम्हाला पुढं कळलं.

एका दुपारी अंगणवाडीच्या बाई आल्या. आळेफाट्याला एका मंगल कार्यालयात पुण्याचे डॉक्टर येणार होते, अशा पोरांना तपासायला. त्यातली थोडी पोरं निवडणार, आणि त्यांना दर गुरुवारी जुन्नरला बोलवून शिकवणार, आयांनाही शिकवणार. “पोरं बोलायला लागतात म्हणं,” बाई म्हणाल्या. “पण जागा लई थोड्या हायेत. नाव घालू का?” आई भाजी निवडत होती. तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. त्या घरात मी तिला आत्याच्या आधी तोंड उघडताना पहिल्यांदा पाहिलं. “घाला,” ती म्हणाली. “माझी नंदा मला आई म्हणली तरी बास.”

आता इथं आमची आत्या काय चीज होती ते सांगितलं पाहिजे. पोरी दाखवण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. भावकीतल्या लग्नाच्या पोरी बघायच्या कार्यक्रमाआधी आठ-आठ दिवस आमच्या घरी राहायला यायच्या, आणि आत्या त्यांना तयार करायची. एक पाय आखूड असलेल्या पोरीला पाहुणे यायच्या आधीच पाटावर बसवून ठेवायचं आणि ते उठून जाईपर्यंत हलू द्यायचं नाही. तिरळी असेल तर दिवेलागणीला कार्यक्रम धरायचा. बोबडी असेल तर उत्तर एका शब्दात. आणि नजर? “पावण्याच्या डोळ्यांत बघायचं नाय, खाली बी बघायचं नाय. कपाळावर बघायचं. त्याला वाटतं पोरगी धीट हाय आन् मर्यादशीर बी हाय.” अशा कितीतरी पोरी तिनं उजवल्या. त्यांचं पुढं काय झालं ते ती विचारायला गेली नाही. माणूस कुणापुढंही न्यायचं म्हणजे त्याचं उणं झाकून न्यायचं, हा तिचा धर्म होता. आणि थोड्याच पोरांना निवडणार म्हटल्यावर तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की निवडतात ते चांगल्यालाच. आणखी कुणाला निवडतात? आमच्या घरात कुणालाच यात काही चुकतंय असं वाटलं नाही. आख्ख्या गावात वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर नंदाची तालीम सुरू झाली. अंगणवाडीच्या बाईंकडून आत्यानं काढून घेतलं होतं की डॉक्टर नाव विचारतात, चित्रं दाखवतात, चेंडू टाकतात, डोळ्याला डोळा देते का बघतात. मग काय! नंदाला पाटावर बसवायची. दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या. हात फडफडला की बांगड्या वाजणार, आणि बांगड्या वाजल्या की आत्या मांडीला चिमटा काढणार. असा चिमटा, की कातडी पिळून सोडायची. “तुझं नाव काय?” नंदा म्हणायची, “तुझं नाव काय?” चिमटा. “माझं नाव नंदा म्हन.” “माझं नाव नंदा म्हन.” पुन्हा चिमटा. बरोबर आलं की खोबऱ्याचा तुकडा, नाही आलं तर दिवसभर भात बंद. आत्या, विधवा असूनही, तेवढ्यापुरती आपल्या कपाळाला मोठी लाल टिकली लावून समोर बसायची आणि म्हणायची, “हितं बघ. हितं. हितं बघायचं मेले.” नंदाच्या मांड्या काळ्यानिळ्या झाल्या. मी एकदा मध्ये पडले तर आत्या म्हणाली, “वकिलीणबाई, तिचं भलं व्हतंय ते बघवत नाय व्हय तुला?” मी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, “राहू दे रंजू. थोड्या दिवसांचा तर त्रास हाय. मग डॉक्टर शिकवतील ना.” तिचा जीव त्या जागेवर इतका टांगलेला होता, की तिनं पोरीच्या मांड्यांकडं बघायचंच सोडलं.

शिबिराच्या दिवशी कार्यालयात ही गर्दी. लग्नाच्या खुर्च्या तशाच मांडलेल्या, स्टेजवर डॉक्टरांची टेबलं, बाहेर हायवेवरचे ट्रक. आणि जिकडं बघावं तिकडं तेल थापून चापूनचोपून भांग पाडलेली, नवे कपडे घातलेली, भेदरलेली पोरं. म्हणजे सगळ्यांच्याच घरी एकेक आत्या होती म्हणायची! फक्त आमच्या पुढच्या रांगेत एक बाई होती घाटघरची. मळकं लुगडं, पायात काही नाही. तिच्या कमरेवर एक मोठी पोरगी, फाटक्या झग्यात, नाक वाहतंय, आणि ती आईला बोचकारून किंचाळतेय. नाणेघाटाकडून पहाटे निघून, जुन्नरला गाडी बदलून आली होती बिचारी. आत्यानं नाक मुरडलं. “अशी आणत्यात का पोर? धुऊन तरी आणायची.” ती बाई हसून म्हणाली, “धुवू देती कुठं मावशी, चावती.” खरंच, पुढं जाऊन त्या पोरीनं डॉक्टरांचा हात चावला, टेबलावरचं सगळं खाली लोटलं. आत्या माझ्या कानात म्हणाली, “गेली हिची जागा.”

आमचा नंबर आला. डॉक्टर तरुण बाई होत्या, दमलेल्या, घसा बसलेला. कपाळाला टिकली होती. नंदानं टिकलीवर नजर लावली, नाव सांगितलं, गायीला गाय म्हणाली, चेंडू परत टाकला. बांगडी वाजली नाही. डॉक्टरांनी आईला विचारलं, घरात हट्ट करते का, आवाजाला घाबरते का, खाते का सगळं, स्वतःहून काही मागते का. आई बोलायच्या आत आत्या म्हणाली, “लई गुणाची हाय ओ. दिलं ते खाती, सांगंल ते करती.” डॉक्टरांनी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, “व्हय.” डॉक्टर हसल्या. “बोलायला जरा उशीर झालाय एवढंच. शाळेत घाला. हिच्यापेक्षा जास्त गरज असलेली मुलं आहेत इथं.” आईला शेवटचं वाक्य कळलंच नाही. तिनं विचारलं, “म्हंजी पास ना बाई?” डॉक्टर कौतुकानं म्हणाल्या, “हो हो, पास!” आणि पुढच्या पोराला हाक मारली.

आळेफाट्यावर आत्यानं पेढे घेतले. गावभर वाटले. नंदा पास झाली! आता जुन्नरहून बोलावणं येणार, म्हणून आई दर गुरुवारी नंदाला आंघोळ घालून तयार ठेवायची. बोलावणं कशाला येतंय? शेवटी अंगणवाडीच्या बाईंनीच येऊन खुलासा केला, की अहो, पोरगी चांगली आहे असं लिहिलंय, मग बोलावतील कशाला. आई मटकन खाली बसली. आत्या मात्र उभ्या जागी खूश झाली. “मंग चांगलंच की! पोर धडधाकट हाय, पुण्याच्या डाक्टरनं सांगितलं. म्हंजी इतकी वर्सं आपल्याला खेळवत व्हती कारटी.”

त्याच दिवशी संध्याकाळी तिनं मासवडी केली. बेसन घोटून ओल्या फडक्यावर थापलं, त्यावर भाजलेले तीळ, खोबरं, कांदा, लसूण पसरून वळकटी केली, वड्या पाडल्या, तर्रीचा रस्सा, घरभर वास. अण्णांनी बोटं चाटली. मग आत्यानं नंदापुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, “आता मान्सावानी खायचं. भात बंद.” नंदानं ताट भिरकावलं. रस्सा भिंतीवर. आणि आत्यानं तिला मारलं. चिमटा नव्हे. चूल फुंकायची लोखंडी फुकारी उचलून, पाठीत, दंडावर, मिळेल तिथं. “नखरं! डाक्टरनं सांगितलंय तुला काय झालं न्हाई!” अण्णा उठले. मला वाटलं, आता सोडवतात. त्यांनी आत्याच्या हातातली फुकारी घेतली आणि स्वतः दोन ठेवून दिल्या. “आजारी समजून सोसलं,” ते म्हणाले. माझ्या वडलांनी त्या घरात आत्यापुढं काढलेले ते पहिले शब्द.

तिथून पुढं रोज. हात फडफडला, मार. मोटारीकडं पळाली, मार. कान दाबले, मार. मुद्दाम तिच्या कानाशी कुकर. मी दोनदा फुकारी विहिरीत फेकली, तर नवी आली आणि पहिल्यांदा माझ्यावर चालली. पोर हळूहळू गप्प झाली. जाहिराती थांबल्या. समोर आलेली भाकरी गिळायची आणि मागे जाऊन ओकायची. लोक म्हणू लागले, सुधारली की हो! आज, इतक्या वर्षांनी, जुन्नरला, मंचरला अशा मुलांसाठी आठवड्यातून एखादा दिवस कुणी ना कुणी येतं, मी नंदाला घेऊन जाते. तिथं तरुण आया मोबाइलवर घरातले व्हिडिओ दाखवतात: पोर कशी आदळआपट करते, कशी डोकं आपटते. डॉक्टरसुद्धा आधी तेच मागतात. मी ते बघते आणि मला त्या आयांचा हेवा वाटतो, अगदी पोटातून वाटतो. नंदा आता पन्नाशीकडं झुकलीय. तिच्यासाठी त्यांच्याकडं फारसं काही नाही, हे ते मला गोड शब्दांत सांगतात.

त्या शिबिरानंतर दोनेक वर्षांनी मामाकडून परत येताना आई, मी आणि नंदा नारायणगावच्या स्टँडवर बसलो होतो. शेजारी ती घाटघरची बाई येऊन टेकली. मी ओळखलं ते तिच्या पोरीवरून, आणि तेही मुश्किलीनं. पोरगी स्वतःच्या पायांवर चालत होती. तिच्या गळ्यात चित्रांची माळ होती, त्यातलं पाण्याचं चित्र तिनं आईच्या हातात दिलं आणि म्हणाली, “आय, पानी.” बाईनं बाटली दिली. आई त्या पोरीकडं बघतच राहिली. बाई म्हणाली, “दर गुरवारी नेती ओ जुन्नरला. लई जीव लावत्यात. तुमची तं तव्हाच पास झाली नव्हं? नशीबवान तुमी.” नंदा तिच्या शेजारी हात मांडीवर जोडून, सरळ बसली होती. घरी येईपर्यंत आईनं पदर तोंडातून काढला नाही. आणि घरी आल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, तिनं आत्याला विचारलं नाही. सांगितलं. “मी परत नेनार तिला.”

पुढचं शिबिर त्याच कार्यालयात होतं. पण आता सगळीकडं खबर पसरली होती की किंचाळणाऱ्या पोरांनाच घेतात. काय सांगू तुम्हाला! गेल्या खेपेला सगळा तालुका शहाणी पोरं घेऊन आला होता, या खेपेला सगळा तालुका वेडी. जो तो आपल्या पोराला डिवचतोय, रडवतोय. डॉक्टर त्याच. पण आता त्यांच्या कपाळाला आठी होती आणि कुणाच्याही बोलण्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. आईनं सगळं खरं सांगितलं. मोटार, कुकर, भात, बांगड्या, डागण्या, मार. हात जोडून सांगितलं, “गेल्या टायमाला खोटं बोललो बाई आमी.” डॉक्टरांनी नंदाकडं पाहिलं. नंदा ताठ बसलेली, बांगड्यांचे हात मांडीवर, नजर टिकलीवर. “माझं नाव नंदा,” ती कुणी न विचारताच म्हणाली.

आई कासावीस झाली. खाली वाकून म्हणाली, “नंदे, रड गं. वरड. आज वरड, कोन मारनार न्हाई.” नंदा हलली नाही. आईनं टेबलाखालून तिला चिमटा काढला. नंदा हलली नाही. आणखी जोरात काढला, पिळून, तसाच. नंदानं खालचा ओठ चावला आणि गायीच्या चित्राकडं बोट करून म्हणाली, “गाय.” डॉक्टर खुर्चीतून उठल्या. “काय करताय तुम्ही! मी बघतेय मघापासून. आजार मुलीला नाहीये बाई, तुम्हाला आहे. मारून मुलीला वेडं ठरवायला निघालात?” अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. कुणीतरी हसलं. मी ओरडले, “अहो, ती खरं सांगतीय!” पण स्वयंसेवकांनी आम्हाला दंडाला धरून बाजूला केलं आणि पुढचं पोर टेबलापाशी गेलं.

आळेफाट्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघता बघता दिवस कलला. नाशिकची गाडी भर्रकन आली, हॉर्न वाजला, आणि नंदा फुटली. त्या हॉलमध्ये जेवढं दाबून धरलं होतं तेवढं सगळं एकदम बाहेर आलं. जमिनीवर पडून डोकं आपटायला लागली, हात फडफडवायला लागली, बांगड्या फुटून मनगटातून रक्त, तोंडातून फेस, आणि तो आवाज. लोक गोळा झाले. आईनं तिला गप्प केलं नाही. तिला बगलेत मारलं आणि हायवेच्या कडेनं उलट पळत सुटली. तोंडानं एकच, “वरड, माझे बाय, वरड, थांबू नको.” मी चपला हातात घेऊन मागं.

कार्यालयाचं फाटक लागलेलं होतं. आत खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, डॉक्टरांच्या गाड्या गेल्या होत्या, एक वॉचमन पाइप धरून पायऱ्या धूत होता. आईनं नंदाला फाटकापाशी खाली ठेवलं आणि गज दोन्ही हातांनी हलवत ओरडायला लागली, “बघा की! आता बघा! ओ बाई, या, आता बघा!” नंदा गजांवर डोकं आपटत होती. वॉचमननं आमच्याकडं जरा वेळ पाहिलं.

“गेलं सगळं पब्लिक, मावशी,” तो म्हणाला. “उद्या लग्न हाय हितं. सरका, धुवायचंय.”

आणि त्यानं पाइप फाटकाकडं वळवला.